आरआयएन उत्तम आला, आणि छोटे आरएनए धुऊन गेले

स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या छोट्या आरएनएंवर काम सुरू केलं तेव्हा पहिले चार महिने मी नमुन्यात उरलंच नव्हतं ते शोधत होते.

आरएनए काढायला नेहमीचा कॉलम किट (आरएनए सिलिकाच्या पडद्यावर धरून बाकीचं धुणारा) वापरला. आरआयएन, म्हणजे आरएनए किती अखंड आहे हे सांगणारा 1 ते 10 चा आकडा, 9 च्या वर आला, सगळे खूश. पण तो आकडा मुख्यतः 16एस आणि 23एस या मोठ्या रायबोसोमल आरएनएंवरून ठरतो. साध्या सिलिका कॉलमवर साधारण 200 न्यूक्लिओटाइडपेक्षा (आरएनएच्या साखळीतल्या दुव्यांपेक्षा) लहान आरएनए नीट टिकत नाहीत. किटच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. आणि जीवाणूंचे छोटे आरएनए बहुतेक 50 ते 500 च्या दरम्यानचे!

मला फसवलं आरएनए-थ्रीनं. रोग घडवणारी जनुकं हलवणारा हा आरएनए 514 न्यूक्लिओटाइडचा, त्यामुळे कॉलमवर आरामात टिकतो. स्क्रीनवर त्याच्या रीड्सचा (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेल्या तुकड्यांचा) डोंगर पाहून डेटा चांगलाच आहे असं मी धरून चालले. सुमारे 100 न्यूक्लिओटाइडच्या आरएसए-ई या दुसऱ्या आरएनएच्या जागी मात्र जवळजवळ सपाट रेघ. 'या अवस्थेत व्यक्त होत नाही' असं वहीत लिहूनही टाकलं. पुढे फिनॉलने काढलेल्या आरएनएवर नॉर्दर्न ब्लॉट (ठरावीक आरएनए पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला आणि आरएसए-ईची पट्टी ठसठशीत उमटली. त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हा फिनॉल-क्लोरोफॉर्मने काढा, नाहीतर छोटे आरएनए राखणारा किट घ्या. डीएनेजनंतरच्या (उरलेला डीएनए तोडणाऱ्या विकरानंतरच्या) सफाईला पुन्हा तोच जुना कॉलम वापरलात तर सगळी मेहनत तिथे वाहून जाईल. लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठीचा तुकड्यांचा संच) करताना बीड्सचं (तुकडे पकडणाऱ्या चुंबकीय मण्यांचं) प्रमाण कमी ठेवलं तरी लहान तुकडे गळतात.

लायब्ररी स्ट्रँडची, म्हणजे आरएनए डीएनएच्या कोणत्या धाग्यावरून आला याची, माहिती राखणारीच हवी. डीएनए उरला तर खोटे अँटीसेन्स (जनुकाच्या उलट धाग्यावरचे) आरएनए दिसतात. सॉफ्टवेअरने दिलेली शेकडो नवीन आरएनएंची यादी थेट प्रबंधात घालू नका. माझं ठाम मत आहे, शेजारी बसून कच्चे रीड्स पाहणारा एक सीनियर विश्लेषणाच्या दहा तयार पाइपलाइनींपेक्षा मोलाचा.

असं झालंच असेल तर घाबरू नका. लांब एमआरएनएंसाठी (प्रथिनांचा संदेश नेणाऱ्या आरएनएंसाठी) तो डेटा अजून उपयोगी आहे. आणि कॉलममधून खाली उतरलेला पहिला द्रव ठेवला असेल, तर जास्त इथेनॉल घालून दुसऱ्या कॉलमवरून छोटे आरएनए परत मिळू शकतात. मी तो फेकून दिला होता.