चित्र दाखवायला आणताय? मग या चुका टाळा

साताऱ्यात आमचा रविवारचा स्केचिंगचा ग्रुप आहे, दहावीतल्या पोरांपासून रिटायर झालेल्या काकांपर्यंत सगळे येतात, कधी अजिंक्यताऱ्यावर, कधी लिंबला बारा मोटांच्या विहिरीवर, कधी वाई-मेणवलीला. काम झालं की चित्रं जमिनीवर मांडायची, एकमेकांची बघायची आणि बोलायचं. हे बघणं-बोलणं म्हणजे निम्मं शिकणं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि नेमके त्यातच तेच ते घोळ होतात म्हणून शेवटी लिहायला बसलो.

फोटो दाखवून चित्रावर मत मागणं

हा सगळ्यात मोठा घोळ. ग्रुपमधल्या एका मुलाने मेणवलीच्या घाटावरचं घंटेचं देऊळ वॉटरकलरमध्ये केलं होतं. वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा, बाहेर कडक ऊन आणि आत गार सावली, म्हणजे चित्रातला सगळा खेळ सावलीचाच. पोराने ती सावली फार सुंदर धरली होती, काळा रंग अजिबात न वापरता कोबाल्ट ब्लू (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून, आणि त्यात घंटेची कड जेमतेम कळेल एवढीच ठेवलेली. रात्री घरी पिवळ्या बल्बखाली फोटो काढला आणि टाकला ग्रुपवर. झालं, धडाधड मेसेज सुरू, 'आतलं फार काळं झालंय', 'भोक पडल्यासारखं दिसतंय', 'जरा उजळ कर रे'. त्याने त्याच रात्री ओला स्पंज घेऊन आतला रंग उचलला. कागद साधाच होता, वरचा थर सुटला, लव निघाली, घंटेची कड गेली आणि सावलीच्या जागी मळकट डाग राहिला.

पुढच्या रविवारी ते चित्र बघून मी त्याला आधी तो फोटो दाखवायला सांगितला. फोटोत काठावरचा कोरा कागदसुद्धा मातकट पिवळा दिसत होता! कोरा कागद जर एवढा काळवंडला असेल तर सावली काळीकुट्ट दिसणारच ना. कॅमेऱ्याला समोर भरपूर पांढरं दिसलं की तो सगळंच दाबून थोडं करडं करतो, त्यात बल्बचा पिवळेपणा, त्यात व्हॉट्सअॅप फोटो बारीक करणार, म्हणजे मूळ चित्रातलं उरलं काय. मत देणाऱ्यांची नियत चांगली होती हो, पण एकानेही 'उद्या प्रत्यक्ष घेऊन ये, मग बोलू' असं म्हटलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

माझी पद्धत सांगतो. फोटो दिवसा काढायचा, व्हरांड्यात सावलीत, उन्हात नाही, फ्लॅश बंद, फिल्टर तर नकोच नको. फोन कागदाला समांतर धरायचा, थोडं लांब उभं राहून किंचित झूम करायचं म्हणजे कडा वाकत नाहीत. कोऱ्या कागदाची पट्टी फोटोत आलीच पाहिजे. ती पांढरी दिसत नसेल तर बघणाऱ्यांनी रंगाबद्दल आणि सावलीबद्दल गप्प बसायचं, फार तर रचनेबद्दल बोलायचं. आणि फोटोवर आलेल्या मतावरून रात्री चित्राला हात लावायचा नाही म्हणजे नाही. सकाळच्या उजेडात, चार पावलं मागे जाऊन, डोळे किलकिले करून बघा, मग काय ते ठरवा.

'कसं झालंय?' एवढंच विचारणं

याला 'छान' सोडून दुसरं उत्तर येतच नाही. तुम्हाला जिथे शंका आहे ते विचारा की. बारा मोटांच्या विहिरीच्या काठावर बसून आत बघत काढताय, तर विचारा की माझी आय लेव्हल, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची, सगळीकडे एकच राहिली आहे का, खालच्या थरांच्या रेषा लांब जाताना वर चढताना दिसतात का. असं विचारलं की समोरचाही नीट बघतो.

पूर्ण झाल्यावरच दाखवणं

वॉटरकलरमध्ये गेलेला पांढरा परत येत नाही. पेन्सिलीचा कच्चा आराखडा दाखवा, काडेपेटीएवढी तीन-चार थंबनेल, म्हणजे रचनेची झटपट छोटी स्केचेस, दाखवा, तेव्हा सांगितलेलं उपयोगी पडतं. फ्रेम करून आणलेल्या चित्रावर मी काय बोलणार? पण कच्चं दाखवायला लाज वाटते आणि पक्कं करायची घाई असते, सगळ्यांना पहिल्या महिन्यातच भिंतीवर टांगायचं असतं.

दुसऱ्याच्या कागदावर हात चालवणं

ही चूक शिकवणाऱ्यांची, आणि हिचा मला खरंच राग येतो. एकदा एक अनुभवी चित्रकार पाहुणे म्हणून आमच्यात आले होते. एका मुलीने तिच्या आजीचं चारकोलमध्ये पोर्ट्रेट केलेलं, डोळे थोडे वर-खाली झाले होते पण चेहऱ्यावरचा थकवा नेमका उतरला होता. सरांनी तिच्या हातातला चारकोल घेतला आणि दोन मिनिटांत दोन्ही डोळे पुन्हा काढले. काय सफाई होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी गप्प. नंतर जो तो ते चित्र बघून डोळ्यांचंच कौतुक करायचा, आणि दरवेळी तिला सांगावं लागायचं की डोळे माझे नाहीत. पुढे कितीतरी दिवस ती चित्र पालथं घालून बसायची, दाखवायचीच नाही.

माझ्या पिशवीत कायम बटर पेपर असतो. दुसऱ्याच्या चित्रावर तो ठेवायचा, त्याच्यावर रेषा मारून दाखवायची की बघ, हा डोळा इथे यायला हवा, आणि पेपर उचलून त्याच्या हातात द्यायचा. सुधारायचं की नाही ते त्याने ठरवावं. बटर पेपर नसेल तर स्वतःच्या स्केचबुकात काढून दाखवा. ज्येष्ठांनो, एवढं कराच.

बाकीच्या

चूक दाखवली की लगेच 'ते मी मुद्दाम केलंय' म्हणू नका. आधी ऐका, वहीत लिहा, उत्तर द्यायची घाई नको.

पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या म्हणून पाचही करू नका. दोन वेगवेगळ्या माणसांनी न ठरवता एकाच जागेवर बोट ठेवलं की तिथे काहीतरी अडलंय हे नक्की. त्यांनी सुचवलेला उपाय घ्यायचाच असं मात्र नाही.

प्रोजेक्टरवरून आउटलाइन मारून आणायची आणि ड्रॉइंगवर मत मागायचं, हे बंद करा. त्या ड्रॉइंगमधलं तुमचं नेमकं काय बघू?

'लई भारी' लिहून मोकळं होणाऱ्यांना मी औंधला घेऊन जातो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी 1938 साली उभारलेलं भवानी संग्रहालय आपल्याच जिल्ह्यात आहे, रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे, आणि आपली पोरं रविवर्मा फक्त कॅलेंडरवर बघतात! तिथे माझा नियम असा की चांगलं-वाईट म्हणायचंच नाही, आधी फक्त दिसतंय ते सांगायचं. नजर पहिल्यांदा कुठे गेली, तिथून कुठे सरकली, सगळ्यात उजळ जागा कुठली, कुठली कड मऊ आहे. सुरुवातीला सगळे चुळबुळ करतात, मग एकेक दिसायला लागतं. हीच सवय ग्रुपमध्ये मित्राचं चित्र बघताना लावा.

आणि एकदा मत घेऊन गेलात की गायब होऊ नका. बदल करून किंवा नवीन काढून परत या, येताना जुनंही घेऊन या, दोन्ही शेजारी ठेवून बघू.