एफआरपी (फायबरग्लास) बोटीच्या तळातला ओलावा: बोट न उकलता दुरुस्ती

खडकवासला, पानशेतच्या पाण्यात बोटी ठेवणाऱ्यांचा एक समज पक्का असतो: खारं पाणी नाही, मग तळाला काय होणार? तळाला ओलाव्याने येणाऱ्या फोडांच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. जेलकोटमधून (बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर) झिरपलेलं पाणी रेझिनमधले विरघळणारे अंश घेऊन आत आंबट द्रव तयार करतं, आणि बाहेरचं पाणी जितकं गोडं तितकं ते जास्त जोराने आत खेचलं जातं. बारमाही पाण्यात उभ्या बोटीला म्हणूनच फोड येतात. ट्रेलरवरून ने-आण होणारी बोट सहसा वाचते.

काम फेब्रुवारी ते मे या काळातच काढा. जूनमध्ये पाऊस लागला की कितीही पंखे लावा, तळ वाळत नाही.

बोट बाहेर काढल्याबरोबर फोडांभोवती खडूने खुणा करा. वाळल्यावर लहान फोड बसतात आणि मग सापडत नाहीत. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने दर ५ सेंमीवर ठोका. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर थर सुटलाय किंवा आतली प्लाय भिजलीय. मॉइश्चर मीटर असेल तर आधी पाण्याच्या रेषेच्या वरचं, कोरड्या भागाचं रीडिंग घ्या आणि त्याच्याशी तुलना करा. नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

फोड फोडताना गॉगल हवाच, आतला द्रव दाबाखाली असतो, उडतो. ग्राइंडरने टणक काच (काचतंतूंचा थर) लागेपर्यंत खोदा, कडा उतरत्या ठेवा. काचेची धूळ आहे, मास्क काढू नका. नंतर रोज गोड्या पाण्याने ब्रश मारून धुवा. ओली वस्तू वाळवायची तर पुन्हा पाणी कशाला, असं वाटतं, पण तो आंबट द्रव आत राहिला तर वरून कोरडा दिसणारा खड्डा पुन्हा ओलावा ओढतो. वाळलं का हे पाहायला सावलीत ३० सेंमीचा पारदर्शक पॉलिथिनचा चौकोन चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं तर थांबा. आठवडे लागतात, आणि घाई नेमकी इथेच नडते.

भरायला इपॉक्सीच (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारं) वापरा. गाडीची पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते. आधी साधा इपॉक्सीचा हात, तो चिकट असतानाच कोलॉइडल सिलिका (घट्ट करणारी बारीक पूड) घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं मिश्रण. रेझिन-हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, वजनकाट्यावर मोजून. जास्त हार्डनरने लवकर सुकत नाही, कायमचं मऊ राहतं. एप्रिलच्या उन्हात एका वेळी १०० ग्रॅमच कालवा, पसरट ट्रेमध्ये. खोल डब्यात ते तापून धूर सोडतं. सुरुवात संध्याकाळी ५ नंतर करा. सकाळी तापत जाणाऱ्या प्लायमधली हवा फुगते आणि इपॉक्सीवर टाचणीएवढी भोकं पडतात.

दुसऱ्या दिवशी वर मेणचट थर दिसला तर पाणी आणि हिरव्या स्क्रबरने धुवा, मगच ८० नंबर पॉलिश पेपर. शेवटी रोलरने ५-६ हात, एकूण साधारण पाव मिलिमीटर.

मोटार बसते त्या मागच्या फळीत ओल असेल तर आतून ५ मिमी ड्रिल मारून भुसा पाहा. फिकट आणि कडक असेल तर नुसतं वाळवा. काळपट, चुरा होणारा असेल तर इंजेक्शनने इपॉक्सी सोडणं म्हणजे पैसे वाया. आतला थर कापा, बाहेरचा तसाच ठेवा म्हणजे आकार हलत नाही. कुजल्याच्या ५ सेंमी पुढपर्यंत काढा. पुण्यातल्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आयएस ७१० मरीन प्लाय आणा, कडांना तीनदा इपॉक्सी पाजा, घट्ट मिश्रणावर बसवा. क्लॅम्प इतका आवळू नका की सगळं मिश्रण बाहेर येईल. वरची काच विणलेली घ्या. चॉप्ड मॅटमधला (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) बांधक पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. जुन्या काचेची कड जाडीच्या १२ पट उतरती घासा: ३ मिमीला ३६ मिमी.

कुजण्याचं मूळ बहुधा मोटारच्या बोल्टांच्या भोकांत असतं. भोक बोल्टपेक्षा ४-५ मिमी मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, पक्कं झाल्यावर मधोमध पुन्हा ड्रिल करा. मग बोल्टजवळून शिरलेलं पाणी प्लायपर्यंत पोचत नाही.