उघड्यावरचं जुनं विमान धुताना

विमान संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं की कॉकपिटमध्ये बसायला मिळेल, असं अनेकांना वाटतं. हातात येते ती बादली. तिला कमी लेखू नका. उघड्यावरची विमानं सडतात ती आत साचलेल्या पाण्याने. गोव्यात दाबोळीच्या नौदल विमानन संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन, अलिझे, सी हॉक बाहेरच उभी आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले महिने खारा वारा. अशा हवेत मोठी धुलाई दोनदा हवी, मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात.

आधी क्युरेटरकडून दोन गोष्टी लेखी घ्या. इजेक्शन सीटमधली, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली स्फोटकं काढली आहेत का, आणि अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या डायली कोणत्या. नोंद नसेल तर कॉकपिट उघडायचंच नाही. रेडियमच्या आकड्यांची चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही. काच तडकलेल्या डायलीला तर बोटही लावू नका.

पाणी मारण्यापूर्वी विमानाखाली झोपून निचऱ्याची छिद्रं शोधा. पोटाच्या आणि पंखांच्या खालच्या पत्र्यावर ती असतात, साधारण 6 ते 10 मिलिमीटरची. नायलॉनच्या केबल टायने मोकळी करा. तारेने रंग खरवडला जातो आणि नेमका तिथेच गंज धरतो. विमानाचा वेग मोजायला लागणाऱ्या पिटो नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर हमखास सापडतं. ते काढून नळीवर पॉलिथिन दोरीने बांधा. चिकटपट्टी नको, जुना रंग सोबत उचलून आणते.

धुवायचं सकाळी, पत्रा तापायच्या आत. बादल्या दोन, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. साबण न्यूट्रल, पीएच 7 च्या जवळचा. धुण्याचा सोडा अॅल्युमिनियम खातो. साबण खालून वर लावा, पाणी वरून खाली सोडा. उलट केलंत तर मळकं पाणी कोरड्या पत्र्यावर ओघळून पट्टे उठतात. पक्ष्यांच्या विष्ठेवर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग पुसा. प्रेशर वॉशर कोणी हौसेने आणलाच तर परत पाठवा. तो जोडांच्या फटीत पाणी घुसवतो. लोखंडी काथ्याही नको, त्याचे कण पत्र्यात रुतून गंजतात.

रिबिटांभोवती पांढरी भुकटी किंवा रंगाला फुगवटा दिसला, तर खाली गंज आहे. स्टीलचा स्क्रू अॅल्युमिनियमला भिडतो तिथे आधी बघा. पॉलिश पेपर मात्र घासू नका: खालच्या पिवळट-हिरव्या प्रायमरमध्ये बहुधा क्रोमेट असतं आणि त्याच्या धुळीने कर्करोगाचा धोका असतो. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, जागा वहीत लिहा. पुढचं काम प्रशिक्षित माणसाचं.

कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, सगळ्यात शेवटी. ती अॅक्रिलिकची असते. अंगठी, घड्याळ काढून वाहत्या पाण्याखाली उघड्या तळव्याने धूळ सोडवा, मग मऊ सुती फडकं सरळ रेषेत फिरवा. अमोनियाचा काच-क्लीनर, स्पिरिट, पेट्रोल यांनी तिच्यात बारीक भेगा पडतात. त्या पुन्हा बुजत नाहीत.

अर्ध्या तासाने परत विमानाखाली जा. शेजारची छिद्रं ठिबकत असताना एखादं कोरडं असेल, तर टाय पुन्हा हातात घ्या. बहुतेक ते अजून तुंबलेलंच आहे.