लॅमिनायटिसचा धोका असलेल्या घोड्यासाठी चाटणवीट आणि खनिजं कशी निवडावीत

ज्या घोड्याला एकदा लॅमिनायटिस (खुराच्या आतला जोड सुजून सुटण्याचा आजार) होऊन गेलाय, किंवा ज्याची मान वरच्या बाजूला चरबीने टणक झालीय, त्याच्या ठाणावर टांगायची चाटणवीट फक्त मिठाची असावी. तांबं, जस्त, सेलेनियम वगैरे जे लागेल ते वजन करून चंदीतून, म्हणजे रोजच्या खुराकातून, द्यावं. बाजारातल्या बाकीच्या रंगीत, सुवासिक विटा या घोड्यासाठी नाहीत.

कारण सरळ आहे. खुराच्या आतलं हाड आणि बाहेरची भिंत यांना नाजूक पापुद्र्यांचा जोड असतो. रक्तात इन्सुलिन सतत चढं राहिलं की हा जोड ताणला जाऊन सुटायला लागतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी पोनींना इन्सुलिनचं प्रमाण दीर्घकाळ चढं ठेवून लॅमिनायटिस घडवून दाखवला. त्यामुळे काहीही विकत घेताना पहिला प्रश्न एकच: यात साखर किती?

आधी पाय बघा

खूर गरम लागतायत, खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवल्यावर नाडी जोरात उडतेय, घोडा वळायला नको म्हणतोय किंवा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा आहे? मग पूरक आहार शोधत बसू नका. डॉक्टरांना फोन करा आणि ते येईपर्यंत खूर आणि खुराच्या लगेच वरचा पायाचा भाग बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा. मुंबईत त्याची अडचण नाही, मासळी बाजाराजवळ बर्फाची लादी मिळते.

घोडा सध्या बरा असेल तर पुढे वाचा. डॉक्टरांकडून रक्तातलं इन्सुलिन तपासून घ्या. घोडा पंधरा वर्षांपुढचा असेल तर रक्तातलं एसीटीएच हे संप्रेरकही तपासा, कारण म्हातारपणी होणाऱ्या कुशिंग या संप्रेरकांच्या आजारातही पाय असेच जातात आणि त्यावर औषध असतं, खनिज नव्हे.

वैरणीत काय आहे ते कळल्याशिवाय खरेदी नको

पोषणाचा मोठा भाग वैरणीतून येतो, त्यामुळे काय कमी पडतंय हे तीच सांगते. शक्य असेल तर नमुना पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. साखर आणि स्टार्च मिळून कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, तांबं, जस्त आणि लोह मागा. ओटची वैरण दाणा भरल्यावर कापलेली असेल तर तिच्यात स्टार्च बराच असतो. दिसायला छान, या घोड्याला वाईट.

तपासणी जमत नसेल तर वैरण थंड पाण्यात अर्धा ते एक तास भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. काही साखर त्या पाण्यातून निघून जाते. मुंबईच्या उकाड्यात त्याहून जास्त वेळ भिजवली तर ती आंबते. साखरेबरोबर थोडी खनिजंही वाहून जातात, म्हणून भिजवलेली वैरण खाणाऱ्या घोड्याला पूरक खनिजांची गरज जास्त.

इथल्या घोड्यांची आणखी एक अडचण आहे. पॅरा आणि गिनी गवतासारख्या उष्ण हवामानातल्या गवतांत ऑक्सॅलेट असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं, घोड्याला मिळू देत नाही. त्यात तबेल्यातला आवडता गव्हाचा कोंडा घाला, ज्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट. हाडातलं कॅल्शियम ओढलं जाऊन तोंडाची हाडं फुगलेले घोडे यातूनच तयार होतात. कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावं. कमी पडत असेल तर डॉक्टरांच्या हिशेबाने पशुखाद्याच्या दर्जाची चुनखडीची पूड द्या. पानाचा चुना अजिबात नाही, तो तोंड आणि आतडं जाळतो.

मीठ: वीट टांगा, पण विसंबू नका

५०० किलोच्या घोड्याला, काम नसताना, दिवसाला साधारण १० ग्रॅम सोडियम लागतं, म्हणजे २५ ग्रॅम मीठ. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या घामात याच्या दुप्पटही लागू शकतं. गाईची जीभ खरखरीत, घोड्याची गुळगुळीत, म्हणून विटेवरून बरेच घोडे पुरेसं मीठ काढूच शकत नाहीत. हिशेब करून बघा: १ किलोची वीट ४० दिवसांत संपायला हवी. चार महिने टिकली तर उरलेलं मीठ तुम्हीच चंदीत घालायला हवं. जून ते सप्टेंबर मात्र ही परीक्षा चालत नाही. दमट हवेत वीट स्वतःच पाझरते, भिंतीवरून ओघळ येतात आणि घोड्याने खाल्लं की हवेने, ते कळत नाही.

म्हणून साधं मीठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोला, त्या मापाचा चमचा ठरवा आणि रोज तेवढं द्या. पुढ्यात स्वच्छ पाणी हवंच. शेंदेलोणाची गुलाबी वीट चालेल, पण तीही जवळजवळ सगळी मीठच. त्या गुलाबी रंगासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. लोह घातलेलं 'डबल फोर्टिफाइड' मीठ घेऊ नका, कारण वैरणीत लोह बहुधा आधीच भरपूर असतं.

पाकीट उलटं करून वाचा

समोर काहीही लिहिलेलं असो, मागचे बारीक शब्द बघा. मोलॅसेस, गूळ, डेक्स्ट्रोज, माल्ट, 'सिरप बेस' यांपैकी काही असेल तर ठेवून द्या. मोलॅसेसमध्ये जवळपास निम्मी साखर असते. दिवसभर बांधलेला, कंटाळलेला घोडा गोड वीट चाटत नाही, दातांनी फोडून खातो. २ किलोच्या विटेत एक तृतीयांश साखर धरली तर एका दिवसात साडेसहाशे ग्रॅमच्या वर साखर पोटात.

तबेल्यातल्या तीन सवयी याच जातीच्या: कौतुकाचा गुळाचा खडा, उन्हाळ्यात बादलीत ढवळलेली ग्लुकोज पावडर, आणि गोड चवीची 'लिव्हर टॉनिक', ज्यांत बहुतेकदा लोहही असतं. मोतद्दार हे सगळं मायेनेच देतो, म्हणून त्याच्याशी शांतपणे बोलून ठरवा. चंदीच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'गूळ नाही' असं लिहून ठेवलेलं उत्तम.

गाईगुरांचं युरिया-मोलॅसेसचं चाटण घोड्याला देऊ नये. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, त्याची थोडी मात्राही घोड्याला जीवघेणी ठरते. स्वस्त पडतं म्हणून शेजारच्या गोठ्यातून पोतं आणू नका.

मात्रेचं गणित

५०० किलोच्या घोड्याची दिवसाची एकूण गरज, काम नसताना, अंदाजे अशी: तांबं १०० मिलिग्रॅम, जस्त ४०० मिलिग्रॅम, सेलेनियम १ मिलिग्रॅम. तांब्याच्या तीन ते चार पट जस्त असलेलं मिश्रण घ्या, आणि लोह न घातलेलं.

आता लेबलवर हिशेब करा. विटेत किलोला ३०० मिलिग्रॅम तांबं असेल आणि घोड्याने दिवसाला ३० ग्रॅम चाटलं, तर पोटात गेलं ९ मिलिग्रॅम. पावडरीत किलोला ४,००० असेल आणि मात्रा २५ ग्रॅम असेल, तर १००. 'खनिजयुक्त वीट' टांगून जबाबदारी संपली असं वाटण्यातला फोलपणा इथे दिसतो. घोडा स्वतःला हवं ते खनिज ओळखून चाटतो, हा समज मिठापुरताच खरा.

सेलेनियम असलेली दोन उत्पादनं एकत्र देऊ नका. त्याच्या अतिरेकाने आयाळ गळते आणि खूर वरच्या कडेपासून सुटू लागतो, म्हणजे ज्याला टाळायला निघालो तेच.

मॅग्नेशियम, क्रोमियम, दालचिनी यांच्या जाहिराती खूप असतात. इन्सुलिन उतरवण्याचा भक्कम पुरावा त्यांच्यामागे नाही. ते पैसे वैरणीच्या तपासणीवर घाला. बायोटिन हे जीवनसत्त्व दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम दिलं तर नव्या खुराचा दर्जा सुधारतो, पण लॅमिनायटिस टळत नाही. फरक दिसायला सहा-नऊ महिने लागतात, कारण खूर महिन्याला जेमतेम ६ ते १० मिलिमीटर वाढतो. फक्त सुक्या वैरणीवर असलेल्या घोड्याला ई जीवनसत्त्व मात्र द्यावं.

द्यायचं कसं

मूठभर भिजवलेल्या लसूणघासाच्या कुट्टीत कालवून. डबाभर कोंड्यात नाही. एका वेळी एकच नवी गोष्ट, आठवडा-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण मात्रेपर्यंत न्या, आणि रोज सकाळी खुराचा गरमपणा व नाडी वहीत लिहा.

मुंबईत पावसाळा वेगळा सांभाळावा लागतो. रेसचे घोडे पुण्याला जातात. इथे राहिलेल्यांची रपेट महिनोन् महिने बंद, चंदी मात्र तीच. जुहूची तट्टं असोत की निवृत्त रेसचा घोडा, वजन याच काळात चढतं, म्हणून दाणा आधी कमी करा. पूरक पावडर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. ओलीने ती गोळा होते, जीवनसत्त्वं उतरतात आणि उंदरांनी तोंड घातलं तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती. एका महिन्याचीच आणा. पाऊस ओसरला की डॉक्टरांना बोलावून इन्सुलिन पुन्हा तपासा आणि नालबंद आला की खुरावर नवी आडवी वलयं उमटलीत का ते त्याला विचारा.