जुन्या-नव्या वर्कस्टेशन ग्राफिक्स कार्डांची तुलना करताय? या चुका टाळा

"नवं कार्ड टाकलं, पण काडीचाही फरक पडला नाही." आणि त्याच आठवड्यात दुसरा कुणी सांगतो, "नवं कार्ड कितीतरी पट वेगवान आहे, सगळ्यांचीच बदलून टाकू." ही दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की समोरच्याने तोंड उघडलं की मी आधी विचारते, मोजलंस कसं? बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. कार्ड चांगलंच असतं, खोट मोजण्यात असते.

नावावर जाणं

'४०००' या एका आकड्याने किती जणांना फसवलंय! एनव्हिडिया कंपनीच्या 'क्वाड्रो' या वर्कस्टेशन कार्डांच्या मालिकेतलं क्वाड्रो ४००० हे २०१० सालचं, फर्मी पिढीचं (म्हणजे त्या चिपरचनेचं), २ जीबी मेमरीचं कार्ड. मग के४०००, एम४००० आणि पॅस्कल पिढीचं पी४००० अशी कार्डं आली. त्यानंतर ट्युरिंग पिढीचं क्वाड्रो आरटीएक्स ४०००, अँपिअरचं आरटीएक्स ए४०००, आणि २०२३ मध्ये आरटीएक्स ४००० एडा. अँपिअर पिढीपासून एनव्हिडियाने 'क्वाड्रो' हे नाव सोडलं, त्यामुळे बोलताना ट्युरिंगवालं आणि एडावालं दोन्ही 'आरटीएक्स ४०००'च होतात. एकात मेमरी ८ जीबी, दुसऱ्यात २०. म्हणून माझ्या वहीत पिढीचं नाव लिहिल्याशिवाय कुठल्याच कार्डाची नोंद होत नाही. जुनं कार्ड विकत घेणाऱ्याने तर विक्रेत्याकडून पिढी आणि मेमरी लेखी घ्यावी.

कुडा कोअर मोजून निकाल लावणं

ही चूक माझ्या डोक्यात जाते, कारण ती करणारा माणूस आकडे समोर ठेवून बोलतो आणि ऐकणाऱ्याला ते पटतं. पी४००० मध्ये १७९२ कुडा कोअर (कार्डातले आकडेमोड करणारे छोटे घटक), आरटीएक्स ए४००० मध्ये ६१४४. म्हणजे साडेतीनपटीच्या जवळ, असं गणित. पण अँपिअरमध्ये कोअर मोजायची रीतच बदलली. ट्युरिंगच्या एका एसएममध्ये (कोअरच्या एका गटात) दशांश आकडेमोडीचे ६४ आणि पूर्णांकांचे ६४ असे वेगळे विभाग होते. अँपिअरमध्ये पूर्णांकांच्या विभागालाही दशांशाचं काम करता येऊ लागलं, आणि कागदावर एका एसएमचे १२८ कोअर झाले. पूर्णांकांचं काम आलं की त्यातला काही भाग तिकडे गुंततो. म्हणून क्वाड्रो आरटीएक्स ४०००च्या २३०४ वरून ए४०००च्या ६१४४ वर गेलात तरी एसएम वाढले ३६ चे ४८, एवढेच.

आणि मेमरीचा वेग? पी४००० मध्ये सेकंदाला २४३ गिगाबाइट, ए४००० मध्ये ४४८. ही वाढ दुपटीच्याही आत आहे. मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडून केलेलं ३डी मॉडेल) स्क्रीनवर फिरवताना जो फरक जाणवतो तो माझ्या अनुभवात कोअरच्या पटीपेक्षा या पटीच्या जवळ राहतो.

उलटंही घडतं. ए४००० आणि ४००० एडा, दोन्हीत कोअर तेवढेच, ६१४४. नव्याचा मेमरीचा वेग तर कमी, ४४८ वरून ३६०. फक्त एवढंच वाचणारा म्हणेल, नवं कार्ड मागे गेलं. पण नव्याचं क्लॉक (चिप चालण्याचा वेग) बरंच वर आहे, आतली कॅशे (चिपमधली जलद मेमरी) खूप मोठी आहे, आणि सिंगल प्रिसिजनची (३२ बिटांच्या आकड्यांवरची) क्षमता १९.२ टेराफ्लॉपवरून २६.७ वर गेली आहे (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी आकडेमोडी). रेंडरिंगमध्ये (मॉडेलवरून अंतिम चित्र तयार करण्यात) नवं पुढे जातं. मेमरीतून सतत प्रचंड डेटा ओढणाऱ्या कामात ही आघाडी आकसते.

डबल प्रिसिजनवर (६४ बिटांच्या, जास्त अचूक आकड्यांवर) सिम्युलेशन करणाऱ्यांनी तर 'नवं म्हणजे वेगवान' हे डोक्यातून काढूनच टाकावं. २०१३ चं क्वाड्रो के६००० डबल प्रिसिजनमध्ये १.७ टेराफ्लॉप देतं. अँपिअर पिढीचं आरटीएक्स ए६००० सिंगलमध्ये त्याच्या सातपटीहून पुढे आहे, पण डबलमध्ये जेमतेम ०.६. हे न बघता कार्ड बदललेला माणूस नंतर सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

एकाच वेळी चार गोष्टी बदलणं

याबद्दल मी जरा सविस्तरच सांगणार आहे.

एका डिझाइन ऑफिसात आठ मशीन होती, सगळ्यांत पी४०००. तिथल्या एका तरुण इंजिनिअरने ए४००० आणून चाचणी केली आणि तक्ता बनवला. ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमधला एक सीन, जुन्या कार्डावर लागलेला वेळ आणि नव्यावरचा वेळ. फरक एवढा मोठा की साहेबांनी आठही कार्डं मागवायची तयारी केली. सही व्हायच्या आदल्या दिवशी तो तक्ता माझ्याकडे आला.

मुलगा प्रामाणिक होता, मेहनतीही होता. फक्त घाईत होता. जुन्या कार्डाचे आकडे त्याने दीड वर्षापूर्वीच्या नोंदीतून उचलले होते, ब्लेंडर २.९३ चे. नवी चाचणी ३ च्या मालिकेतल्या आवृत्तीवर. आता डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ब्लेंडर ३.० मध्ये सायकल्स हे त्याचं रेंडर इंजिन आतून नव्याने लिहिलं गेलं, आणि ग्राफिक्स कार्डावरचं रेंडरिंग त्यानेच बरंच जलद झालं. शिवाय जुनी चाचणी कुडावर होती, नवी ऑप्टिक्सवर (कार्डाकडून रेंडर करून घ्यायच्या एनव्हिडियाच्या या दोन वेगळ्या पद्धती). मशीनही वेगळं. तक्त्यात मात्र सगळं श्रेय कार्डाच्या नावावर जमा.

मी म्हणाले, जुनं कार्ड याच मशीनमध्ये बसव, हेच ब्लेंडर, हीच फाइल. आधी दोन्ही कुडावर चालव, मग दोन्ही ऑप्टिक्सवर, आणि वेगळं लिही. त्याला वाटलं मी उगाच काम वाढवतेय. दोन दिवस गेले. जुनं कार्ड नव्या आवृत्तीवर त्याच्या स्वतःच्याच जुन्या वेळेपेक्षा पुष्कळ लवकर संपवत होतं. ए४००० तरीही स्पष्ट पुढे होतं, ऑप्टिक्सवर जास्तच, कारण पी४००० मध्ये आरटी कोअर (प्रकाशकिरणांचं गणित करणारे खास घटक) नाहीतच. पण तक्त्यातली मूळ दरी बरीच भरून आली.

खरा प्रश्न तर अजून कुणी विचारलाच नव्हता. आठातले रेंडर करणारे किती? दोन. बाकीचे सहा जण दिवसभर सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असेंब्ली उघडायचे, माप बदलायचे, रिबिल्डची (नव्या मापांनी मॉडेल पुन्हा तयार होण्याची) वाट बघायचे. मी त्यांच्यातल्या एकाच्या शेजारी अर्धा तास बसले. रिबिल्ड चालू असताना प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण भरलेला, ग्राफिक्स कार्ड जवळजवळ निवांत. रिबिल्डचं काम बहुतांश एकाच कोअरवर चालतं, तिथे कुठलंही कार्ड टाका, घड्याळ तेवढंच फिरणार. शेवटी दोन कार्डं आली, आणि उरलेल्यांसाठी जास्त क्लॉकचे प्रोसेसर. ज्या सहा जणांना 'फरकच पडला नाही' म्हणावं लागलं असतं, त्यांची रोजची वाट बघणं खरंच कमी झालं.

तेव्हापासून माझी सवय अशी: चाचणीच्या आधी माणसाचं काम बघायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्पेकव्ह्यूपर्फ ही ग्राफिक्सची तयार चाचणी वापरत असाल तरी हेच. तिच्या १३ या आवृत्तीचे गुण आणि २०२० या आवृत्तीचे गुण एका रांगेत मांडता येत नाहीत. दुसऱ्यांनी टाकलेले गुण उचलताना रिझोल्यूशनही तपासा. आणि ती चाचणी व्ह्यूपोर्ट (स्क्रीनवर मॉडेल फिरवण्याचा वेग) मोजते, तुमचं रिबिल्ड मोजत नाही.

सगळीकडे ६० च फ्रेम

जुन्यावर सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं), नव्यावर ६०, म्हणून दोन्ही सारखीच. असा निष्कर्ष पाहिला की मी थेट ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हर्टिकल सिंक बंद करते. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा रंगतो, सिंक चालू असेल तर आकडा तिथेच थांबणार. चाचणी संपली की सेटिंग परत जागेवर ठेवा, हे मात्र विसरतात.

मेमरी संपल्याचा फरक वेगाच्या नावावर लावणं

८ जीबीच्या कार्डावर ११ जीबीचा सीन टाकला की काही इंजिन थांबतात, काही मशीनच्या रॅमचा आधार घेत रांगत चालतात. १६ जीबीवर तोच सीन पळतो. हा फायदा खरा आहे, पण तो जागेचा आहे. त्यामुळे मी दोन फाइल ठेवते: एक दोन्ही कार्डांत आरामात मावणारी, एक फक्त मोठ्यात मावणारी. आणि ईसीसी (मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करणारी सोय) एकात चालू, दुसऱ्यात बंद असं ठेवू नका. ते चालू केलं की वापरायची मेमरीही थोडी घटते.

बाकीच्या, पटकन

पहिला रन मोजू नका. नव्या कार्डावर पहिल्यांदा रेंडर सुरू होताना कर्नल (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात वेळ जातो. मी पहिला टाकून देते आणि पुढच्या तिनांतला मधला आकडा घेते.

एका मिनिटाच्या चाचणीवर भरवसा ठेवू नका. एका स्लॉटचं कार्ड अडचणीच्या कॅबिनेटमध्ये तापलं की क्लॉक खाली येतं. अर्धा तास तरी चालवा, शेजारचा स्लॉट मोकळा ठेवा.

रिकाम्या मशीनवर पीसीआय एक्स्प्रेसचा (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडाचा) वेग १.१ या जुन्या पिढीचा दिसला म्हणून मदरबोर्ड बदलायला धावू नका. काम नसताना कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं. भार देऊन बघा. स्लॉट मात्र नीट तपासा: लांबीने १६ लेनचा (डेटाच्या वाटांचा) दिसणारा प्रत्येक स्लॉट आतून १६ लेनचा नसतो.

टास्क मॅनेजरमधला '३डी'चा आलेख सपाट दिसला म्हणजे कार्ड झोपलंय असं नाही, कुडाचं काम त्यात येत नाही. मी एनव्हिडिया-एसएमआय हे कार्डाची स्थिती दाखवणारं साधन उघडून वॉट आणि क्लॉक बघते.

जुन्या ड्रायव्हरवरच नवं कार्ड चढवू नका. आधी तो पूर्ण काढा, मग तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीने प्रमाणित केलेला ड्रायव्हर टाका, सर्वांत ताजा टाकायची घाई नको. आणि पॅस्कलवाल्यांनी एक नोंद ठेवा: एनव्हिडियाच्या ५८० शाखेनंतरच्या ड्रायव्हर शाखांत मॅक्सवेल, पॅस्कल आणि व्होल्टा या पिढ्या नाहीत, कुडा १३ मध्येही नाहीत. पी४००० अजून चांगलं चालतं, पण त्याची पुढची वाट कुठवर आहे हे घेण्याआधी कळलेलं बरं.

कनेक्टर आधी बघा. पी४०००ला ६ पिन, क्वाड्रो आरटीएक्स ४०००ला ८, ए४०००ला पुन्हा ६, आणि ४००० एडाला १६. कॅबिनेट उघडून झाल्यावर हे कळलं की लोक हाताला लागेल तो अ‍ॅडॅप्टर जोडतात. तसं करू नका. १६ पिनचा जोड शेवटपर्यंत आत गेलाय का ते बोटाने दाबून, उजेडात बघा.

नवं कार्ड पसंत पडलं तरी जुनं लगेच विकायला काढू नका. मी ते निदान महिनाभर कपाटात ठेवते, त्यावर तारीख आणि ड्रायव्हरची आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी लावून. तीन आठवड्यांनी कुणी येऊन "आजकाल मंद वाटतंय" म्हणालं, की तेच कार्ड परत त्याच मशीनमध्ये बसवून, तीच फाइल चालवता येते.