मुक्त स्रोत तपासासाठी निनावी ओळख कशी उभारावी

मुक्त स्रोत तपास म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या माहितीच्या आधारे केलेला तपास. त्यासाठी उभारायची निनावी ओळख केवळ सार्वजनिक मजकूर पाहण्यासाठी आहे, की कोणाशी संवाद साधण्यासाठी, हे आधी लेखी ठरवावे. पहिल्या प्रकारात धोका पुष्कळ कमी असतो. तिच्यासाठी वेगळा ब्राउझर, वेगळा ईमेल आणि स्वतंत्र फोन क्रमांक वापरावा, कारण नेहमीच्या फोनवरील संपर्कयादी ॲपला एकदा जरी मिळाली, तरी तुमचे बनावट खाते ओळखीच्यांना सुचवले जाऊ शकते (बारकाईने रचलेले चरित्र अशा वेळी निरुपयोगीच ठरते). खऱ्या माणसाचे छायाचित्र कधीही घेऊ नये. संगणकनिर्मित चेहऱ्यांत डोळे अनेकदा ठरावीक जागीच येतात आणि त्यावरून चेहरा बनावट असल्याचे ओळखता येते, म्हणून चेहऱ्याऐवजी निसर्गदृश्य बरे. फेसबुकच्या नियमांत खोटी खाती बसत नाहीत, तेव्हा खाते केव्हाही बंद होईल हे गृहीत धरून प्रत्येक नोंद दिनांक व वेळेसह लगेच जतन करावी.