पलंगावर टेकून बसताना पाठीला आधार कसा द्यावा

पलंगावर टेकून वाचायचे म्हटले की आपण भिंतीशी तीन-चार उशा एकावर एक रचतो आणि अर्ध्या तासात उशा एकीकडे, आपण दुसरीकडे, अशी अवस्था होते. याचे कारण असे, की आधार खांद्यांना मिळतो, कंबर मात्र पोकळीवर राहते. पाय लांब करून बसल्यावर मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, त्यामुळे कटिभाग मागे कलंडतो, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि मान आपोआप पुढे येते.

म्हणून आधार खालून वर उभारावा. प्रथम बैठक पूर्ण मागे सरकवावी. गादी आणि पलंगाच्या डोक्याकडील फळी यांच्यात फट असेल, तर त्यात घडी घातलेली चादर घट्ट बसवावी. मग अंघोळीचा टॉवेल लांबीच्या बाजूने दुमडून त्याची आठ-दहा सेंटिमीटर जाडीची गुंडाळी करावी आणि ती जिथे पट्टा बांधतो त्याच्या किंचित वर ठेवावी. शेवटी गुडघ्यांखाली एक उशी द्यावी, म्हणजे मांडीचे स्नायू सैल पडतात आणि शरीर खाली घसरत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र ही उशी टाळावी, कारण त्यांचा गुडघा पूर्ण सरळ होणे आवश्यक असते.

ठाण्यातील बऱ्याच घरांत आता बॉक्सचा पलंग आणि सरळ उभी गुळगुळीत फळी असते. तिला थेट टेकून फार वेळ बसवत नाही. त्यासाठी गादीवाल्याकडून फोमचा उताराचा ठोकळा कापून घेता येतो. उताराची लांबी ६० सेंटिमीटर धरली, तर ४५ अंशांसाठी उंची आणि तळ प्रत्येकी सुमारे ४२ सेंटिमीटर लागतो. ३० अंशांसाठी उंची ३० आणि तळ सुमारे ५२. वाचण्यासाठी पहिला, छातीत जळजळ होणाऱ्याला झोपताना दुसरा सोयीचा ठरतो. फोम मुठीने दाबून पाहावा. हाताला तळ लागत असेल, तर तो घेऊ नये. खाली रबरी जाळीचा तुकडा घातल्यास ठोकळा सरकत नाही.

सावरीची उशी डोक्याखाली सुखाची असते, पण पाठीखाली ती लगेच दबते. कापसाचा घट्ट भरलेला लोड मात्र अजूनही उत्तम. माझ्या आईने तर महागडा फोम दोन दिवसांत नातवाच्या हवाली करून जुना लोडच मागवला. त्याचा दोष एवढाच, की पावसाळ्यात तो ओल धरतो. बाहेरच्या भिंतीला जुलैमध्ये पाझर फुटतो, तेव्हा पलंग हातभर दूर सरकवावा आणि ऑक्टोबरच्या उन्हात लोड दोन्ही बाजूंनी वाळवावा.

आजारपणात काही आठवड्यांपुरताच आधार हवा असेल, तर रुग्णसाहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानातील घडीचा लोखंडी बॅकरेस्ट पुरेसा होतो. दुकानातच त्यावर पूर्ण भार टाकून खाचा पकडतात का, हे पाहून घ्यावे. दिवसभर असे बसणाऱ्या रुग्णाची माकडहाडाजवळची त्वचा घसरण्याने लाल होते, म्हणून दर दोन तासांनी त्याची बाजू बदलावी आणि लाली बोटाने दाबूनही जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.